अनाथ मुलींचे जुने घर: न्यू ऑर्लीन्सचे अर्सुलिन कॉन्व्हेंट संग्रहालय

न्यू ऑर्लीन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये, गर्दीच्या रस्त्यांपासून थोडे बाजूला, चार्टर्स स्ट्रीटवर उंच भिंतीआड एक करड्या गिलाव्याची, तीव्र उताराच्या छपराची इमारत उभी आहे. फ्रेंच लष्करी अभियंता इन्यास ब्रूतँ याने १७४५ साली तिचा आराखडा केला आणि १७५३ च्या सुमारास ती पूर्ण झाली. मिसिसिपी नदीच्या सबंध खोऱ्यातल्या सर्वांत जुन्या इमारतींत तिची गणना होते. पूर्वी ती अर्सुलिन या कॅथलिक पंथाच्या ननांचा मठ, म्हणजे कॉन्व्हेंट होती; आज तिथे संग्रहालय आहे. ह्यूस्टनहून आम्ही कुटुंबासह गेलो होतो आणि बरोबर माझी आई होती, जिची सारी नोकरी साताऱ्याच्या बाजूला मुलींच्या शाळेत शिकवण्यात गेली. शहर पाहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांनी इथे किमान दीड तास काढावा, असे मला मनापासून वाटते, म्हणून हा सविस्तर अभिप्राय लिहीत आहे.

आदल्या रात्री आम्ही एका पायी फेरीत सामील झालो होतो. तिथल्या वाटाड्याने याच भिंतीपाशी उभे करून आम्हाला सांगितले की, फ्रान्सहून पेट्या घेऊन आलेल्या मुलींच्या सामानात रक्तपिपासू भुते होती, आणि म्हणूनच तिसऱ्या मजल्याच्या झडपा कायमच्या ठोकून बंद केल्या आहेत. नव्या वसाहतीत लग्नासाठी मुली पाठवल्या जात, एवढाच काय तो या कथेचा ऐतिहासिक धागा आहे. भुते पुष्कळ नंतर चिकटली. मला हे फार खटकले. ज्या घरात पोरक्या मुलींना अन्न आणि अक्षर मिळाले, त्या घराची ओळख परक्या मुलींविषयीच्या भयकथेने व्हावी, हा त्या जागेवर अन्याय आहे. ती फेरी टाळलीत तरी काही बिघडणार नाही.

खरी हकिगत याहून कितीतरी विलक्षण आहे. इटलीतल्या ब्रेशिया येथे १५३५ साली अँजेला मेरिची यांनी स्थापन केलेला अर्सुलिन पंथ हा मुलींच्या शिक्षणाला वाहिलेला. या पंथाच्या बाराएक नन मदर मारी त्रांशपां यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १७२७ मध्ये फ्रान्सच्या लोरियाँ बंदरातून निघाल्या आणि ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लीन्सला पोहोचल्या. वाटेत जहाज वाळूत रुतले आणि वजन कमी करण्यासाठी सामान समुद्रात टाकावे लागले. त्यांना बोलावणाऱ्या, ही फ्रेंच वसाहत चालवणाऱ्या इंडीज कंपनीला मुख्यतः हव्या होत्या रुग्णालय चालवणाऱ्या बायका. नन मात्र शाळेच्या ओढीने निघाल्या होत्या आणि पोहोचल्यावर त्यांनी आधी शाळाच उभी केली. त्यांच्यातली मारी-मादलेन अशार ही रुआँची तरुणी वडिलांना पत्रे लिहीत असे आणि ती १७२८ साली तिथेच छापलीही गेली. खिडक्यांना काचा नाहीत, त्याऐवजी पातळ कापड ताणून बसवले आहे, पण उजेड पुरेसा येतो. पाव अर्धा गव्हाच्या पिठाचा, अर्धा तांदळाचा. डास भारी, असे सारे ती घरी कळवते. आपल्याकडे नव्याने सासरी गेलेली लेक पत्रात जे लिहील, तेच हे आहे, फक्त मधे एक महासागर आहे.

आता अनाथाश्रमाविषयी, कारण माझ्या मते या वास्तूचा प्राण तिथे आहे. मिसिसिपी नदीवरच्या नॅचेझ या वसाहतीतील फ्रेंच अधिकाऱ्याने त्याच नावाच्या मूळनिवासी नॅचेझ लोकांना त्यांचे एक गाव खाली करून जमीन द्यायला फर्मावले. त्या संतापातून २८ नोव्हेंबर १७२९ रोजी त्यांनी फोर्ट रोझली या ठाण्यावर हल्ला केला आणि दोनशेहून अधिक वसाहतवाले मारले गेले. (पुढे फ्रेंचांनी नॅचेझांची जी धूळधाण केली, त्यात शेकडो जणांना गुलाम म्हणून सेंट-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत (आजच्या हैतीत) विकण्यात आले. त्यांच्या लेकरांसाठी मात्र कुठलेच दार उघडे नव्हते, हेही इथे उभे असताना आठवावे.) ठाण्यातली वाचलेली पोरकी मुले न्यू ऑर्लीन्सला आणली गेली. एका जेझुइट धर्मगुरूने १७३० साली लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की, ज्या लहान मुलींना गावातल्या कुणीही पदरात घेतले नाही, त्यांच्यामुळे ननांच्या अनाथ मुलींचा परिवार चांगलाच वाढला. हे वाक्य मी आईला मराठीत सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. नंतर तिने एवढेच विचारले, "आणि यांना वाढायला ताटे पुरली का गं?"

त्या घरात वसतिगृहातल्या मुली होत्या, दिवसा येणाऱ्या होत्या, अनाथ होत्या, आणि ठरावीक वेळी गुलाम आफ्रिकी व मूळनिवासी स्त्रिया आणि मुलीही धर्मशिक्षणासाठी येत. त्या काळात एवढे मिसळलेले छप्पर दुसरीकडे क्वचितच सापडले असते. परंतु याच ननांच्या मालकीचे गुलाम होते, नदीपलीकडे त्यांचा मळा होता आणि शाळेचा व अनाथाश्रमाचा खर्च काही अंशी त्या सक्तीच्या श्रमांवर भागत असे. करुणा आणि मालकी एकाच घरात नांदत होती. हे जाणून घेतल्याशिवाय पाहणारा अर्धेच पाहून परततो, म्हणून जाण्यापूर्वी थोडे वाचून जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रत्यक्ष पाहण्यात सर्वांत मोलाचा आहे तो जिना. १७३४ साली उभी राहिलेली पहिली इमारत लाकडी सांगाड्यात विटा भरून बांधलेली होती. इथल्या दमट हवेत ती दहा-बारा वर्षांतच कुजू लागली. तिच्यातला सायप्रस लाकडाचा, गोल वळण घेत वर जाणारा हा जिना तेवढा नव्या इमारतीत आणून बसवण्यात आला. म्हणजे नॅचेझहून आलेल्यांपैकी ज्या मुली १७३४ मध्ये अजून ननांकडे होत्या, त्या याच पायऱ्यांवरून चढल्या-उतरल्या असणार. १७८८ च्या गुड फ्रायडेला लागलेल्या आगीत शहरातल्या साडेआठशेच्या आसपास इमारती भस्मसात झाल्या, १७९४ साली पुन्हा आग लागली; ही वास्तू दोन्हींतून वाचली. आई जिन्यासमोर एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यासमोर उभे राहावे तशी उभी होती.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेला लुइझियाना पुन्हा फ्रान्सकडे जाणार हे ठरल्यावर १८०३ साली सोळा नन हवानाला निघून गेल्या. पुढे प्रदेश अमेरिकेकडे गेल्यावर मागे राहिलेल्यांनी आपल्या मालमत्तेची आणि कामाची काळजी वाटून राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहिले, आणि १८०४ साली त्यांनी उलट पत्राने आश्वासन दिले की, संविधानाची तत्त्वे हीच तुमच्या संस्थेची हमी आहे. ८ जानेवारी १८१५ रोजी ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या न्यू ऑर्लीन्सच्या लढाईतील जखमींची शुश्रूषा ननांनी केली; त्या दिवसाचा कृतज्ञतेचा मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, आजही दरवर्षी होतो. १८२४ साली नन नदीच्या खालच्या अंगाला नव्या जागेत गेल्या, १९१२ पासून त्यांची शाळा स्टेट स्ट्रीटवर आहे आणि अमेरिकेतील अखंड चालू असलेली सर्वांत जुनी मुलींची शाळा म्हणून ती ओळखली जाते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. तिकीट काढून इमारत आपली आपण पाहायची असते, त्यामुळे घाई कुणी करत नाही. वेळा बदलत असतात, त्या निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. उन्हाळ्यात सकाळीच जावे, कारण दुपारची दमट उष्णता कोकणातल्या मे महिन्यासारखी असते. शेजारचे सेंट मेरीज चर्च पाहावे. मग ऑर्लीन्स स्ट्रीटवर चालत जावे. तिथे आज हॉटेल असलेली वास्तू १८८१ मध्ये सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली या कृष्णवर्णीय ननांच्या संघाने विकत घेतली होती आणि पूर्वीच्या नृत्यगृहाच्या जागी कॉन्व्हेंट, शाळा व अनाथाश्रम चालवला होता. हा संघ हेन्रिएट डेलील यांनी १८४२ साली स्थापन केला. आम्ही दोन्ही ठिकाणे एकाच सकाळी पाहिली, आणि आईच्या गुडघ्यांनाही तेवढे चालणे झेपले.