जमीन जाणार असेल तर कशात जावी? भूसंपादन, नगररचना योजना आणि मगरपट्ट्याची वाट

पुण्याभोवती हवेली, मुळशी, मावळ, खेड या तालुक्यांत आज ज्याच्या सातबाऱ्यावर दोन एकर आहेत, त्याला एक निर्णय फार काळ टाळता येणार नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. त्यापलीकडच्या गावांवर 2015 पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आहे. रस्ता, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांना जागा लागणारच आणि ती शेतातूनच निघणार. कोणाच्या शेतातून, किती आणि बदल्यात काय, एवढंच ठरायचं बाकी आहे.

कुठे घरं, कुठे रस्ता, कुठे मैदान हे नकाशावर ठरवणारा विकास आराखडा नुसताच केला तर सगळ्यात मोठा अन्याय इथेच होतो. एका भावाच्या वाट्यावर पिवळा पट्टा (निवासी क्षेत्र) येतो आणि तो रातोरात कोट्यधीश होतो. बांधापलीकडच्या भावावर मैदानाचं आरक्षण पडतं आणि तो दहा दहा वर्षं ना विकू शकत, ना बांधू शकत.

आरक्षण किंवा रस्त्यासाठी भूसंपादन झालं तर 2013 च्या कायद्याने बाजारमूल्यावर तेवढीच दिलासा रक्कम मिळते. पैसे एकदाच येतात, जमीन कायमची जाते. जमिनीच्या बदल्यात जमीन मागायची तर नवी मुंबईचा इतिहास समोर ठेवा. 95 गावांची जमीन घेऊन सिडको या सरकारी कंपनीने शहर उभं केलं. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे पुढे 1990 मध्ये मोबदल्याखेरीज 12.5 टक्के विकसित भूखंडाची योजना आली. दोन एकर म्हणजे 80 गुंठे, त्यामागे 10 गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी 3.75 टक्के वजा, म्हणजे हातात 7 गुंठे. विमानतळबाधितांना पुढे 22.5 टक्के मिळाले, तेही लढूनच.

याच्या शेजारी नगररचना योजना ठेवून पाहा. आपल्याकडे ती नवी नाही. मुंबई प्रांताचा कायदा 1915 चा आहे. पुण्यात शिवाजीनगरच्या पत्त्यांत 'एफ. पी. नं.' दिसतो, तो अशाच योजनेतला अंतिम भूखंड. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, त्यातून रस्ते, बागा, शाळा आणि दुर्बलांच्या घरांसाठी जागा काढतात, आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांत ज्याची त्याला परत देतात. कपात सगळ्यांची होते, त्यामुळे एकाच्या शेतावर गावचं मैदान येत नाही. अहमदाबादने हाच मार्ग धरला. गुजरातच्या 1976 च्या कायद्यात रस्त्यांना 15, बागांना 5, सामाजिक सोयींना 5 आणि विक्रीसाठी 15 टक्के अशी सर्वसाधारण विभागणी आहे. तिथल्या 76 किलोमीटरच्या रिंगरोडलाही अशा योजनांतून जागा मिळाली.

हिंजवडीलगतच्या म्हाळुंगे-माण योजनेत, सुमारे 250 हेक्टरवर, जमीनधारकाला 50 टक्के परत देण्याचं सूत्र आहे. म्हणजे आपल्या 80 गुंठ्यांचे 40. पनवेलकडच्या नैना या सिडकोच्या नियोजन क्षेत्रात हेच प्रमाण 40 टक्के आहे, पण त्या भूखंडावर 2.5 पर्यंत एफएसआय मिळतो, म्हणजे भूखंडाच्या अडीचपट बांधकाम करता येतं. म्हणून नुसती टक्केवारी ऐकून हो किंवा नाही म्हणू नका. एफएसआय किती, पुढचा रस्ता किती रुंद आणि सुधारणेचा खर्च म्हणून तुमच्याकडून किती घेणार, हे तिन्ही विचारा. प्रत्येकाच्या नावापुढे मूळ भूखंड, त्याचं मूल्य, अंतिम भूखंड आणि देणं-घेणं मांडलेला तक्ता योजनेत असतो. आख्ख्या योजनेतला तो सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, आणि गावातले बहुतेक लोक तो न बघताच सभेतून उठतात.

योजनेचे दोष खरे आहेत. मंजुरी आणि जागेवरचा रस्ता यांत वर्षं जातात. तोवर परवानगीशिवाय काही बांधता येत नाही. भूखंड वडिलोपार्जित जागीच मिळेल याची खात्री नाही. चार गुंठेवाल्याचे दोन होतात आणि त्यावर धड इमारत उभी राहत नाही. त्याने शेजाऱ्यांबरोबर एकत्रित भूखंड मागणंच बरं. आणि योजना टाकीला जागा देते, पाणी देत नाही. खडकवासला धरणसाखळीवर आधीच किती ताण आहे हे पुणेकराला सांगायला नको. 'पाणी कोण आणि कुठून देणार?' हा प्रश्न गावाने लेखी विचारलाच पाहिजे.

मगरपट्ट्याची वाट सगळ्यात देखणी. हडपसरच्या सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी सुमारे 400 एकर एकत्र केले, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. जमीन विकली गेली नाही, धंदा झाली. पण भावकी एका शब्दाची, सलग मोठं क्षेत्र आणि भांडवल उभं करू शकणारा माणूस, हे तिन्ही एका गावात क्वचितच जुळतं. तुमच्याकडे जुळत असेल तर दुसरीकडे बघूच नका.

गुंठा गुंठा विकण्याचा सल्ला मात्र मी कोणालाच देणार नाही. रोख लगेच येते हे खरं, पण दहा फुटी बोळ, टँकरचं पाणी आणि शाळेला जागाच नाही असं गाव मागे उरतं, आणि त्यात आपलीच मुलं राहणार असतात.

दोन-चार एकरवाल्या सामान्य घरासाठी माझा कौल नगररचना योजनेला. मात्र त्याआधी वारस नोंद आणि मोजणी उरकून घ्या, कारण भावकीचा वाद असला की अंतिम भूखंडही वादात अडकतो. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकतीला 30 दिवस मिळतात. हरकत तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.