लंडनमधल्या हॅरोत लीजहोल्ड (लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट घेतला, त्या वकीलबाईंच्या सेवेबद्दल

एजंट सांगत होता, फ्लॅटवर एकच कर्ज आहे. आमच्या सॉलिसिटर बाईंनी लँड रजिस्ट्रीतला (मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातला) उतारा काढला, तर दोन बोजे निघाले: एक बँकेचा आणि त्याखाली दुसऱ्या सावकाराचा. दोन्ही फेडून नोंद काढण्याची लेखी हमी विक्रेत्याच्या वकिलाकडून येईपर्यंत त्यांनी पैसे हलवू दिले नाहीत.

खरी कमाल पुढे. "घर बघायला गेलात तेव्हा आत कोण राहत होतं?" असं त्यांनी विचारलं. मला आठवलं, मागच्या खोलीत विक्रेत्याची आई होती, खिडकीत औषधांच्या डब्या. बाई लगेच सावध झाल्या. त्या मावशींनी घरात पैसे घातले असतील, तर कागदावर नाव नसूनही त्यांचा हक्क आपल्यावर येऊ शकतो. १९८० च्या बोलँड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) घरात राहणाऱ्या बायकोचा हिस्सा बँकेच्या गहाणाच्या वर धरला होता. मग मावशींना वेगळा वकील देऊन, सगळं समजावून, हक्क सोडल्याची सही घेतली. त्या म्हाताऱ्या बाईंची फसवणूक होऊ नये, हेही आमच्या बाईंनी पाहिलं. मला ते फार भावलं.

ईमेलचं उत्तर मात्र तीन-तीन दिवस येत नाही, फोनच करा. लँड रजिस्ट्रीतला अधिकृत शोध घेतला की ३० कामकाजाच्या दिवसांचं प्राधान्य मिळतं, म्हणजे तेवढ्यात अर्ज केला तर मधे आलेल्या दुसऱ्या कुणाच्या नोंदीआधी आपली नोंद धरली जाते; ती मुदत संपायला चार दिवस उरले असताना आमचा नोंदणीचा अर्ज गेला. तेवढे दिवस झोप नव्हती.