शंभर किलोंच्या पुढच्या स्वारासाठी मागचं चाक: शिमानो एम४७५ हब, ३६ स्पोक

वजनदार माणूस माउंटन बाईक घेतो आणि काही महिन्यांतच मागच्या चाकातून ‘टिंग’ ऐकू येतं. स्पोक गेला. दुकानात नवा स्पोक घालून, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून चाक परत मिळतं, आणि थोड्या दिवसांत शेजारचा जातो. निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकावर पडतो हे खरं, पण स्पोक मोडतो तो बहुतेक वेळा ताण कमी असल्यामुळे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला असा स्पोक ढिला पडतो आणि पुन्हा ताणला जातो. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकापाशी तो जिथे वाकलेला असतो, तिथे धातू थकतो.

हबपासून सुरुवात करू. ६-७ गिअरच्या स्वस्त सायकलींना मागे आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला राहतात, एक्सलचं टोक आधाराशिवाय बाहेर येतं आणि जड स्वाराखाली वाकतं. कॅसेट हबमध्ये (गिअरचक्रांचा गठ्ठा हबवर सरकवून बसवतात) छर्रे पार टोकाजवळ असतात, म्हणून शंभर किलोंच्या पुढे फ्रीव्हीलवर पैसे घालू नयेत. परवडणाऱ्यांत शिमानोचा एफएच-एम४७५ आम्हाला सरस वाटतो: १३५ मिमी, क्विक रिलीज, सहा बोल्टची ब्रेक डिस्क. घेताना ३६ भोकांचाच मागा, हा ३२ भोकांतही येतो. डिस्क सेंटरलॉक (सहा बोल्टऐवजी मधल्या एका रिंगने बसणारी) असेल तर शिमानोचाच टीएक्स५०५ बघा. थ्रू-एक्सलच्या (फ्रेममधून आरपार जाणाऱ्या जाड एक्सलच्या) सायकलींना हे दोन्ही बसत नाहीत.

एम४७५ची उणीव एकच, देखभाल मागतो. पावसाळा संपला की १५ मिमीच्या कोन पान्याने उघडा. दर बाजूला पाव इंची ९ छर्रे निघतील. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता भाग) खड्डे दिसले तर कोन बदला, छर्रे तर दर वेळी नवेच घाला. गोव्याच्या खाणपट्ट्यातली लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिची पॉलिश पेस्ट होते, म्हणून धारबांदोडा-सांगेकडे फिरणाऱ्यांनी ऑक्टोबरची वाट बघत बसू नये.

स्पोक स्टेनलेसचेच हवेत. जस्ताचा मुलामा दिलेले कळंगुट-मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यात आधी पांढरी भुकटी धरतात, मग गंजतात. गंजलेल्या स्पोकवर निपल (स्पोक रिमला धरणारा छोटा नट) असं चिकटतं की चावी फिरवली की निपलचे कोपरे झिजतात किंवा स्पोकच पिळला जातो. निपल पितळी घ्या. ॲल्युमिनियमची हलकी असतात, पण स्टेनलेसच्या संगतीत आणि खाऱ्या ओलीत ती कुजतात. २ मिमीचे सरळ जाडीचे स्पोक चालतात, पण मध्ये १.८ मिमीपर्यंत बारीक केलेले घेणं जास्त शहाणपणाचं. उलटं वाटेल, पण बारीक मधला भाग थोडा ताणतो, धक्का शेजारच्या स्पोकांत वाटला जातो आणि वाकाचं टोक वाचतं.

रिम डबल वॉल हवी. रिमटेप उचलून बघा: निपलचं डोकं खोल भोकात, खालच्या भिंतीवर टेकलेलं दिसलं तर डबल, टेपखाली लगेच हाताला लागलं तर सिंगल, ती सोडून द्या. आतली रुंदी २५ मिमीच्या आसपास पुरे. मापाच्या नावांनी गोंधळू नका. २९ इंची माउंटन बाईक आणि २८ इंची टूरिंग सायकल या दोन्हींची रिम ६२२ मिमीच असते, त्यामुळे राईड कंपनीची आंद्रा ४० सारखी टूरिंगची दणकट रिमही २९ ला बसते.

आता खरी मेख. हे सगळं सामान घेऊन चाक सैल बांधलं तर पैसे पाण्यात. तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडून जातो), उजवीकडे साधारण ११०-१२० किलो ताण (रिमची मर्यादा कमी असेल तर ती पाळा), डावीकडे त्याच्या साठेक टक्के. हा फरक मागच्या चाकात राहतोच. बांधणाऱ्याकडे ताण मोजायचं मीटर आहे का, ते आधी विचारा. चाक हातात आलं की एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडा, सूर जवळपास एक यायला हवा. मग जोडीजोडीने स्पोक मुठीत घट्ट दाबा. वाक हबवर नीट बसतात आणि कच्चा ताण तिथेच निघून जातो. त्यानंतर पुन्हा आऊट बघा. बाजूला अर्धा मिमी चालतो. शंभरेक किमीनंतर आणखी एकदा तपासा.

तयार स्वस्त चाक घ्यायचंच असेल तर ३६ स्पोकांचं, कॅसेट हबचं घ्या आणि सायकलला लावण्याआधी ताण वाढवून घ्या. त्या मजुरीत काटकसर नको.

हवा कमी ठेवून चोर्ला घाट उतरू नका. ट्यूब असलेल्या २.२५ टायरला शंभर किलोंना मागे ३५-४० पीएसआय लागतेच, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर रिम चेपते.

वाटेत स्पोक मोडलाच तर तो शेजारच्या स्पोकला गुंडाळा आणि सावकाश घरी या. उजवीकडचा बदलायला कॅसेट काढावी लागते, ते घाटात होणारं काम नाही. महिनाभरात दुसराही गेला तर उरलेले ३४ तितकेच थकलेले असतात. हब-रिम तीच ठेवून सगळे स्पोक नवे घाला.