लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज: आमच्या मनीसाठी

मनी आमची मांजर, अकरा वर्षांची. सकाळ-संध्याकाळ सातला दोन युनिट. आधी वाटीत डबाबंद ओलं खाणं. ती चाटत असतानाच कुशीची कातडी चिमटीत धरून मी टोचते. सुई इतकी बारीक, की ती मानही वर करत नाही. रेघा ठळक, सासूबाईंनाही नीट दिसतात. टोचलं की लगेच कालनिर्णयवर खूण, नाहीतर घाईत कुणीतरी दुसऱ्यांदा द्यायचं!

खोट एकच: अर्ध्या युनिटची रेघ नाही. दीड युनिट होतं तेव्हा जीव टांगणीला लागायचा.

घेताना टोपण बघाच. आमचं इन्सुलिन ४०चं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट; लाल टोपणाची सिरिंज त्याचीच. एकदा औषधवाल्यानं नारिंगी टोपणाची, १००च्या इन्सुलिनची सिरिंज दिली. तिच्यात दोनच्या रेघेपर्यंत भरलं असतं तर मनीला जेमतेम ०.८ युनिट मिळालं असतं. तिथल्या तिथे परत केली.