अ‍ॅक्टिव्हात १०डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-४०: एका ऑइल चेंजचा अनुभव

होंडा अ‍ॅक्टिव्हाच्या मालक-पुस्तिकेत इंजिन ऑइलची ग्रेड (म्हणजे घट्टपणाचा दर्जा) १०डब्ल्यू-३० आणि जासो या जपानी मानकाचा वर्ग एमबी (कमी घर्षणाचे ऑइल) असा स्पष्ट लिहिलेला असतो. तरीही आमच्या नाशिकच्या गॅरेजमध्ये बहुतेक स्कूटरांत २०डब्ल्यू-४० चेच डबे रिकामे होतात. "ताई, जुन्या गाडीला घट्ट ऑइलच लागतं," असे मेकॅनिकचे ठाम मत होते. गाडीची वॉरंटी केव्हाच संपलेली असल्याने मी एका ऑइल चेंजपुरते २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल घालून पाहिले. ते एका नामांकित कंपनीचे, सीलबंद डब्यातले आणि १०डब्ल्यू-३० पेक्षा थोडे स्वस्त होते. ऑइलच्या दर्जाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे परीक्षण त्याच्या ग्रेडचे आहे.

पहिला फरक आवाजात जाणवला. इंजिन तापल्यावर होणारी टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टिकटिक बरीच कमी झाली आणि सिग्नलला उभी असताना गाडी अधिक शांत वाटू लागली. घट्ट ऑइलची शिफारस करणारे याच शांततेकडे बोट दाखवतात. मात्र भागांमधला ऑइलचा थर जाड झाला की धातूचा आवाज दबतो, पण वाढलेली फट तेवढीच राहते. टॅपेटची सेटिंग करायची वेळ झाली असेल, तर ती ऑइल बदलून टळत नाही, उलट आवाज दबल्यामुळे लक्षात यायला उशीर होतो.

सकाळचा अनुभव याच्या उलट होता. डिसेंबर-जानेवारीत निफाडपासून नाशिकपर्यंत पारा चांगलाच उतरतो आणि रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी सेल्फवर उचलायला जड जाऊ लागली. एरवी पहिल्या झटक्यात सुरू होणारे इंजिन आता दोन-तीनदा बटण दाबल्यावर सुरू होई आणि पहिल्या चौकापर्यंत पिकअप दबलेला राही. पाणपोळ्याच्या पिठातून पळी ओढणे आणि इडलीच्या पिठातून ओढणे यात जो फरक आहे, तोच इथे क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) जाणवतो. ग्रेडमधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो: १०डब्ल्यूची क्रँकिंगची (थंड इंजिन फिरवण्याची) चाचणी उणे २५ अंशांवर घेतात, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. नाशिकला अशी थंडी कधी पडत नाही, म्हणून हा आकडा आपल्या कामाचा नाही असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ४० अंशांनाही बाजारातले २०डब्ल्यू-४० हे साधारणतः १०डब्ल्यू-३० पेक्षा दीडपट किंवा त्याहून घट्ट असते आणि पारा खाली जाईल तसे हे अंतर वाढत जाते. थंड इंजिनात घट्ट ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला वेळ लागतो, आणि इंजिनाची झीज तर सुरू होतानाच्या त्या क्षणांत अधिक होते.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलची विष्यंदता (घट्टपणाचे माप) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या पट्ट्यात असते, तर ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ या पट्ट्यात. म्हणून मे महिन्याच्या दुपारी, डबलसीट आणि चढावर, २०डब्ल्यू-४० चा थर अधिक टिकतो, हा त्याचा खरा गुण आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु या इंजिनाला थंड हवा देणारा पंखा आहे आणि त्याच्या फटी ३० ग्रेडचा हिशोब धरूनच ठेवलेल्या आहेत. शहरातल्या रोजच्या वापरात त्या जास्तीच्या थराचा मला उपयोग झाला नाही. अ‍ॅव्हरेज मात्र थोडे का होईना उतरले, कारण जाड थर ढकलायलाही पेट्रोलच खर्ची पडते.

त्या डब्यावर जासो एमए, म्हणजे मोटारसायकलींसाठीचा वर्ग, असे छापलेले होते. स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि त्याचा इंजिन ऑइलशी संबंध येत नाही, त्यामुळे एमए घालून अ‍ॅक्टिव्हाचे काही बिघडत नाही. एमबी ऑइलमुळे घर्षण कमी होऊन जी बचत होते, तेवढी हुकते. उलटा प्रकार मात्र महागात पडतो. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून स्कूटरचे उरलेले एमबी ऑइल घरातल्या मोटारसायकलीत ओतले तर क्लच घसरू शकतो. डबा विकत घेताना ग्रेडइतकेच हे दोन अक्षरी चिन्हही पाहावे, असा माझा आग्रह आहे, कारण दुकानदार ते आपणहून सांगत नाहीत.

पिस्टन रिंगा झिजून जी गाडी ऑइल पिऊ लागली आहे, निळसर धूर सोडते आहे आणि जिचे इंजिनकाम काही महिने पुढे ढकलायचे आहे, तिच्यासाठी २०डब्ल्यू-४० हा तात्पुरता उपाय म्हणून मी मान्य करीन. माझ्या गाडीत डिपस्टिकवरची ऑइलची पातळी दोन ऑइल चेंजच्या मध्ये फारशी खाली येत नाही, धूरही नाही. वॉरंटीतल्या गाडीत तर वेगळी ग्रेड घालूच नये. पुढे इंजिनाचे काही निघाले तर वादाला कारण मिळते. पुढच्या चेंजला मी स्वतः १०डब्ल्यू-३० एमबीचा डबा घेऊन गॅरेजला गेले आणि त्याच आठवड्यात सकाळचा सेल्फ पुन्हा हलका झाला.

ऑइल म्हणून पाचपैकी चार गुण, या स्कूटरसाठी दोन.