कानाचं मशीन कॉस्टकोतून घ्यावं की ऑडिओलॉजिस्टकडून?

अमेरिकेत कॉस्टको या सभासदांसाठीच्या मोठ्या दुकानसाखळीच्या हिअरिंग एड सेंटरमध्ये कानाच्या मशीनची जोडी साधारण १,५०० ते २,००० डॉलरला पडते. ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे श्रवणतज्ज्ञाच्या क्लिनिकमध्ये बहुतेकदा ४,००० ते ७,००० सांगतात. आई-बाबांसाठी मशीन घ्यायला निघालेल्या घरात पहिला प्रश्न हाच येतो, की मधले हे तीन-चार हजार नक्की कशाचे?

यंत्राच्या दर्जाचे म्हणावेत तर तसं नाही. जगातली बहुतेक श्रवणयंत्रं पाच समूहच बनवतात: सोनोव्हा, डेमंट, डब्ल्यूएस ऑडिओलॉजी, जीएन आणि स्टार्की. कॉस्टकोत ठेवलेलं फिलिप्स हे डेमंटचं, म्हणजे ओटिकॉनच्याच घरातलं. जाब्रा जीएनचं, तीच कंपनी क्लिनिकांना रिसाउंड विकते. रेक्स्टन डब्ल्यूएसचं, सिग्निया आणि वायडेक्सच्या शेजारचं. एखादी सोय कमी असेल किंवा क्लिनिकला नवी पिढी आधी मिळाली असेल, पण आतली विद्या तीच.

फरक पडतो तो माणसाच्या वेळेत. क्लिनिकच्या दरात बहुधा तपासणी, बसवणं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांच्या भेटी आधीच धरलेल्या असतात. काही क्लिनिक मशीन आणि सेवा यांचे पैसे वेगवेगळे लावतात. ज्यांना फारशा फेऱ्या माराव्या लागणार नाहीत त्यांना ते स्वस्त पडतं, म्हणून दर विचारताना ‘सगळं धरून की वेगवेगळं’ हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावं. कॉस्टकोत तपासणी, जुळवणी आणि साफसफाईचे वेगळे पैसे नाहीत, फक्त सभासदत्व लागतं. मात्र बऱ्याच ठिकाणी अपॉइंटमेंटसाठी काही आठवडे थांबावं लागतं, आणि घाईच्या दिवशी समोरच्या माणसाकडे तुमच्यासाठी ठरलेलाच वेळ असतो.

समोरचा माणूस कोण, हाही फरक आहे. ऑडिओलॉजिस्ट पदवीनंतर साधारण चार वर्षांची एयूडी ही डॉक्टरेट करतो. कॉस्टकोत बहुतेक ठिकाणी हिअरिंग इन्स्ट्रुमेंट स्पेशालिस्ट असतात. त्यांच्याकडे राज्याचा परवाना असतो, पण शिक्षण मशीन बसवण्यापुरतं. रोज अनेक जोड्या हाताळणाऱ्या स्पेशालिस्टचा हात उत्तम बसलेला असू शकतो आणि एयूडीधारकही घाईत काम उरकू शकतो. पाटी वाचून ठरवू नका, पुढे सांगितलेली कामं तिथे होतात का ते बघा.

आधी कान, मग दुकान

काही कान दुकानात न्यायचेच नसतात. ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी ईएनटी डॉक्टर गाठा. स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिलं तरच होतो आणि त्यात वाया गेलेला आठवडा परत मिळत नाही. एकाच कानाचं ऐकणं कमी होणं, एकाच कानात आवाज होत राहणं, कानातून पू किंवा रक्त, चक्कर, दुखणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. वय अठराच्या आत असेल तर कॉस्टको घेतच नाही, क्लिनिकच गाठावं लागतं.

हाडामार्फत आणि हवेमार्फत ऐकण्याची चाचणी दोन्हीकडे होते. दोन्हींत १५ डेसिबल किंवा जास्त अंतर आलं तर दोष मधल्या कानात असू शकतो आणि चांगला स्पेशालिस्टही तिथे थांबून डॉक्टरकडे पाठवतो. पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री मात्र साधारण क्लिनिकमध्येच होते. मळ काढण्याचं कामही कॉस्टको करत नाही. मळाने कान भरलेला असला की ते परत पाठवतात आणि हातची अपॉइंटमेंट फुकट जाते. ज्येष्ठांच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडतं, की आठवडाभर आधी घरच्या डॉक्टरकडून कान बघून घेतलेला बरा.

मधला एक मार्ग आम्हाला फार शहाणा वाटतो. निदानाची तपासणी ईएनटी किंवा ऑडिओलॉजिस्टकडे करून घ्यायची, कारण वैद्यकीय कारण असेल तर तिचा खर्च बऱ्याचदा विमा उचलतो. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, श्रवणयंत्राला एक डॉलर देत नाही, पण निदानाची चाचणी त्यात बसते, आणि २०२३ पासून काही अटींवर वर्षातून एकदा डॉक्टरच्या चिठ्ठीविनाही ऑडिओलॉजिस्टकडे जाता येतं. ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखाची प्रत हातात घ्या आणि मग मशीन कुठून घ्यायचं ते ठरवा. कॉस्टको आपली चाचणी पुन्हा करेलच. दोन आलेख जुळले तर उत्तम. एखाद्या ठिकाणी १० डेसिबलहून जास्त फरक आला तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शब्दांची चाचणी आणि आपली भाषा

इथे मराठी घरांचं नुकसान होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सूर ऐकण्याच्या चाचणीला भाषा लागत नाही. शब्द ओळखण्याच्या चाचणीत मात्र एका सिलॅबलचे, म्हणजे एका झटक्यात म्हटले जाणारे इंग्रजी शब्द एकामागून एक ऐकवतात आणि ते परत म्हणायला सांगतात. आयुष्य साताऱ्यात किंवा नागपुरात गेलेल्या आजींना त्यातले ६० टक्केच आले, तर दोष कानाचा की भाषेचा हे त्या आकड्यावरून कळत नाही. समोरचा मात्र ‘यांची स्पष्टताच कमी आहे, मशीनने फार फरक पडणार नाही’ असं धरून चालू शकतो. म्हणून चाचणीआधीच सांगा, की इंग्रजी ही त्यांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, आणि तसं अहवालात लिहून घ्या. मोठ्या हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये दुभाष्या मोफत मागता येतो. वेळ ठरवतानाच मागायचा, आयत्या वेळी मराठीचा मिळणं कठीण.

घरी पुरवणी चाचणी करता येते. ऑडिओलॉजिस्ट वापरतात ते सहा ध्वनी आपल्याकडे जसेच्या तसे आहेत: आ, ई, ऊ, म्, श्, स्. मशीन घातलेल्या माणसापासून दोन मीटरवर उभं राहा, तोंडासमोर कागद धरा, रोजच्या आवाजात एकेक ध्वनी म्हणा आणि त्यांना तो परत म्हणायला सांगा. आधी एका कानात मशीन, मग दुसऱ्या. ऊ आणि म् ऐकू येतात पण स् येत नाही, तर वरच्या पट्टीतला आवाज कमी पडतोय. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च यांतला फरकही वरच्याच पट्टीत असतो, तेव्हा शब्द पूर्ण न म्हणता नुसते ते दोन च म्हणूनही बघा. निकाल तारीख घालून लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला न्या. ‘नीट ऐकू येत नाही’ या वाक्यापेक्षा ‘डाव्या कानाला स् येत नाही’ हे ऐकल्यावर समोरच्याचा हात नेमक्या जागी जातो.

दोन्हीकडे मागायचीच ती एक गोष्ट

संगणकात ऑडिओग्राम भरला, की कंपनीचं सॉफ्टवेअर एका बटणावर मशीन जुळवून देतं. याला ‘फर्स्ट फिट’ म्हणतात. त्यात हळू बोलण्यातला वरच्या पट्टीचा आवाज, ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास, बऱ्याचदा ठरलेल्या लक्ष्याहून १० डेसिबल किंवा जास्त कमी राहतो. कंपनीचा हेतू वाईट नसतो. पहिल्या दिवशी आवाज कर्कश वाटून माणसाने मशीन काढून ठेवू नये, असा तो हिशेब असतो. पण तिथेच थांबलं तर स, श, त, थ कायमचे निसटत राहतात.

यावर उपाय आहे रिअल इअर मेजरमेंट. कानात आधी सिलिकॉनची बारीक नळी घालतात. तिच्यावरची काळी खूण कानाच्या दाराबाहेरच्या खालच्या खाचेशी येईपर्यंत, म्हणजे बायकांत साधारण २८ आणि पुरुषांत ३० मिलिमीटर, ती आत जाते. तिचं टोक पडद्यापासून ५ मिलिमीटरच्या आत पोचायला हवं. नळी न हलवता त्यावर मशीन बसवतात, समोरच्या स्पीकरवरून बोलण्यासारखा आवाज ५५, ६५ आणि ७५ डेसिबलला वाजवतात आणि कानाच्या पडद्याजवळ खरोखर किती पोचतं ते संगणकावर रेघ होऊन दिसतं. तुटक रेघ हे लक्ष्य, मोठ्यांसाठी बहुधा एनएएल-एनएल२ या सूत्राचं. सलग रेघ ४,००० हर्ट्झपर्यंत त्याच्या ५ डेसिबल अलीकडे-पलीकडे आली की जुळवणी ठीक. शेवटी मोठा आवाज देऊन तो सहन होतो ना हे बघतात. या वेळात माणसाने बोलायचं नाही, मान हलवायची नाही. दोन्ही कानांना मिळून २०-२५ मिनिटं लागतात.

हे यंत्र कॉस्टकोच्या बहुतेक सेंटरांत असतं. काही महाग क्लिनिकांत ते असून वापरलं जात नाही. सात हजार डॉलर मोजून ही मोजणी न झालेल्या जोडीपेक्षा पंधराशेची मोजून बसवलेली जोडी कानाला जास्त देते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तेव्हा दोन्हीकडे फोनवर एकच प्रश्न विचारा: ‘प्रोबची नळी कानात घालून माझ्या ऑडिओग्रामच्या लक्ष्याशी जुळवून दाखवाल का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा.

पुढच्या भेटींतल्या तक्रारी

‘माझाच आवाज विहिरीतून येतो.’ कानाचं दार फार बंद झालंय. बंद डोमऐवजी (डोम म्हणजे कानात बसणारी मऊ टोपी) उघडा डोम किंवा मोल्डला, म्हणजे कानाच्या मापाच्या साच्याला मोठं भोक, असा बदल करतात. पण उघड्या डोममधून खालच्या पट्टीचा आवाज बाहेर निसटतो. म्हणून २५० आणि ५०० हर्ट्झला ऐकणं बऱ्यापैकी, साधारण ३० डेसिबलच्या आत असेल तरच तो चालतो.

‘भांडी, कागद, नळाचं पाणी टोचतं.’ पहिले दोन-तीन आठवडे हे होणारच. मेंदूला हे आवाज नव्याने ओळखायचे असतात. सगळा आवाज एकदम कमी करून घेऊ नका. फक्त मोठ्या आवाजाची वरची पट्टी थोडी खाली आणतात, हळू आवाज आहे तिथेच ठेवतात. मशीन दिवसाला किती तास घातलं हे आतच नोंदलं जातं. दोन तास निघाले तर जुळवणी बदलण्याआधी ते कारण शोधा.

शिट्टी वाजते ती डोम सैल असल्याने, मळामुळे किंवा रिसीव्हर, म्हणजे कानात जाणारा छोटा स्पीकर, पुरता आत न गेल्याने. डोमचा आकार मिलिमीटरभराने वाढवूनही काम भागतं. आणि एक बाजू ‘अचानक बंद पडली’ तर दहांत बहुतेक वेळा रिसीव्हरच्या टोकावरचा, मोहरीएवढा पांढरा मळरोधक बुजलेला असतो. नवा घाला, दोन मिनिटांचं काम आहे. त्याचे प्रकार कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे जुना पुडा घेऊनच विकत आणायला जा.

हॉटेलात किंवा लग्नाच्या गर्दीत ऐकू येत नाही, ही तक्रार जुळवणीने अर्धीच सुटते. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा छोटा मायक्रोफोन तिथे जास्त कामाचा. क्लिनिकमध्ये यावर वेळ देऊन बोलतात, कॉस्टकोत तुम्हाला स्वतः विचारावं लागतं.

ऐकणं तीव्र पातळीवर गेलेलं असेल, दोन कानांत मोठा फरक असेल, शब्द कळण्याचं प्रमाण मराठीतही कमी असेल, स्मृतिभ्रंश असेल किंवा घरी येऊन सेवा हवी असेल, तर क्लिनिकचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. वयामुळे दोन्ही कानांचं सारखं, सौम्य ते मध्यम कमी झालं असेल, माणूस स्वतः अॅप हाताळत असेल आणि कॉस्टको गाडीने अर्ध्या तासावर असेल, तर तिकडे जायला हरकत नाही.

परत देण्याची मुदत आणि भारतात परतणारे आई-बाबा

कॉस्टकोत १८० दिवसांत मशीन परत देऊन पूर्ण पैसे मिळतात. क्लिनिकची मुदत राज्याच्या नियमाप्रमाणे, बहुधा ३० ते ४५ दिवस, आणि बसवण्याची फी कापली जाऊ शकते. ते करारावर छापलेलं असतं, सही करण्याआधी वाचा.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-बाबांसाठी ही १८० दिवसांची मुदत बरोबर पुरेशी दिसते आणि घरं तिथेच फसतात. कॉस्टकोची मशीनं जुळवायला त्या त्या नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पुण्यात गेल्यावर बाबांचं ऐकणं आणखी उतरलं तर शेजारच्या क्लिनिकला, तीच मूळ कंपनी विकत असूनही, ते मशीन बहुधा उघडता येणार नाही. अमेरिकेतल्या साखळी दुकानांची काही मशीनंही अशीच त्या दुकानापुरती कुलूपबंद असतात. रिसीव्हर बिघडला तर तो अमेरिकेला पाठवावा लागेल.

वर्षातले आठ-नऊ महिने महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी म्हणूनच मशीन तिकडेच, पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंद असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडून घ्यावं. शब्दांची चाचणी मराठीत करून मिळते का, हे आधी विचारावं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही याच कामासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. अमेरिकेच्या क्लिनिकमधून घ्यायचंच असेल, तर मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या, पुण्या-मुंबईतल्या त्या कंपनीच्या केंद्राला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: हे मॉडेल तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं का, आणि अमेरिकेतली वॉरंटी तुम्ही मानता का. दोन्हींना हो मिळेपर्यंत कार्ड काढू नका.