कुंडीतलं झाड नक्की कोणतं? फायकस, कार्मोना, चिनी एल्म की जेड

भेट म्हणून आलेल्या बोन्सायवर बहुतेक वेळा एकच चिठ्ठी असते, ‘इनडोअर बोन्साय’. झाडाचं नाव कुठेच नाही. बोन्साय ही वाढवायची पद्धत झाली, जात नव्हे. आणि पाणी किती, ऊन किती, थंडी सोसेल का, हे सगळं जातीवरून ठरतं.

खोडाच्या वळणावरून ओळखायला जाऊ नका. ते वळण तारेने आणि कात्रीने दिलेलं असतं. पानांच्या लांबीवरही फार विसंबू नका, सतत छाटलेल्या झाडाची पानं लहान होत जातात. माणसाला बदलता येत नाहीत अशा गोष्टी बघा: पानं समोरासमोर येतात की एकाआड एक, पानाची कड, साल, आणि चीक.

चीक सगळ्यात आधी, कारण त्याने अर्ध्या शंका तिथल्या तिथे मिटतात. एक पान देठापाशी खुडा. दुधासारखा पांढरा थेंब आला, तर घरात ठेवायच्या बोन्सायपुरतं तरी ते फायकस धरून चाला, म्हणजे वड-पिंपळ-उंबराच्या गोतातलं. खात्रीसाठी फांदीचा शेंडा बघा. कोवळं पान टोकदार आवरणात गुंडाळलेलं असतं आणि ते आवरण गळलं की पेरावर बारीक वळं उरतं. खाली रताळ्यासारखी फुगलेली मुळं असतील, तर ते फायकस मायक्रोकार्पा, आपलं नांद्रुक. दुकानात त्याला ‘जिनसेंग’ म्हणतात, पण औषधी जिनसेंगशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अशा झाडावर पुष्कळदा बारीक पानांचं कलम केलेलं असतं, म्हणून बुंध्यातून अचानक मोठ्या पानांचा फुटवा आला तर दचकू नका. पानं पातळ आणि टोक लांब निमुळतं असेल तर फायकस बेंजामिना. जागा बदलली की ते रुसून पानं गाळतं. एरवी दोघांची निगा जवळपास सारखीच, तेव्हा त्या दोघांतला फरक शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

डोकं खरं लावायचं ते कार्मोना आणि चिनी एल्म यांच्यात. दोन्ही बारीक पानांची, दोन्हींत चीक नाही, आणि लांबून दोन्ही सारखीच ‘छोटं गोंडस झाड’ दिसतात. माझ्या पहिल्या कुंडीवर चिनी एल्म अशी चिठ्ठी होती. पानांवर पांढरे बारीक ठिपके दिसले म्हणून मला वाटलं कीड लागली. ओल्या फडक्याने एकेक पान पुसत बसले. अर्ध्या तासाने ठिपके जिथल्या तिथे, आणि माझ्या हातात चार तुटलेली पानं. भिंग लावलं तेव्हा कळलं की ठिपके पानाच्याच अंगचे आहेत. कार्मोनाची ती जन्मखूण.

कार्मोनाचं पान गडद हिरवं, चकचकीत, देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद. दाते असतात ते फक्त टोकाशी, दोन-चार. पानं आखूड फुटव्यांवर झुबक्यांनी येतात. एल्मचं पान लंबगोल, पुढे टोकदार, आणि करवतीचे दाते जवळजवळ पूर्ण कडेला. ते फांदीच्या दोन बाजूंना एकाआड एक मांडलेलं असतं, आणि देठापाशी पानाचे दोन अर्धे बरेचदा थोडे असमान असतात. जुन्या एल्मची साल पापुद्र्यांनी सुटते आणि खाली नारिंगी चट्टे दिसतात. कार्मोनाला छोटी पांढरी फुलं येतात, मग लाल फळं. घरातल्या एल्मला फुलं क्वचितच दिसतात. नात्यागोत्याचंच बोलायचं, तर कार्मोना अजानवृक्षाच्या जवळचं आणि एल्म वावळ्याच्या कुळातलं.

हा फरक महत्त्वाचा, कारण दोघांची पानगळ वेगवेगळं सांगते. गारठ्यात एल्मने पानं टाकली तर ते विश्रांती घेत असेल, पाणी कमी करून थांबायचं. कार्मोनाने टाकली तर ते संकटात आहे. त्याला १० अंशांखालची थंडी मानवत नाही आणि माती पूर्ण कोरडी पडलेलीही चालत नाही. एल्म गोठवणारी थंडीसुद्धा सोसतो. चुकीच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून मी कार्मोना थंड खिडकीत ‘विश्रांतीला’ ठेवलं होतं. वाचलं, पण एक फांदी गेली.

सालीवर एल्मसारखे चट्टे, पण पानं जवळपास समोरासमोर आणि दाते अगदी बारीक असतील, तर सॅजरेशिया असण्याची शक्यता धरा. इवली समोरासमोर पानं, चांदणीसारखी पांढरी फुलं आणि साल किंवा मुळं दुखावली की घाण वास आला, तर सेरिसा.

जाड, रसाळ पानं असतील तर प्रश्न दोघांतच राहतो: जेड की पोर्टुलाकारिया. दोन्हींची पानं समोरासमोर. जेडचं पान मोठं, साधारण ३ ते ९ सेंटिमीटर, खोड फुगीर आणि मांसल. पोर्टुलाकारियाचं पान सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, कोवळ्या फांद्या तांबूस. पाणी दोघांनाही बेतानेच. पण घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हा फरक नुसता नावाचा राहत नाही. जेड त्यांना विषारी आहे, पोर्टुलाकारिया नाही. फायकसच्या चिकानेही त्यांना त्रास होतो.

आणि सुया किंवा खवल्यांसारखी पानं असतील तर ते बहुधा ज्युनिपर, आणि त्यावर ‘इनडोअर’ लिहिलेलं असेल तर ते चुकीचं आहे. ज्युनिपरला बाहेरचं ऊन-वारा आणि हिवाळ्याची विश्रांती लागते. फसवणारी गोष्ट अशी की ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे पाणी घालणाऱ्याला पत्ताच लागत नाही. शंका असेल तर बारीक फांदीची साल नखाने जरा खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर आजच कुंडी बाहेर न्या. तपकिरी, कोरडं दिसलं तर बुंध्याजवळ एकदा खरवडून पाहा.